मोर्शीवालीचं वाक्य

मला मराठी नीट येत नव्हतं म्हणूनच ती नोकरी मिळाली. सरांनी मुलाखतीतच तसं सांगितलं. चांगलं मराठी येणारी मुलं लोकांचं बोलणं ऐकता ऐकताच सुधारून टाकतात, म्हणाले. तुम्हाला सुधारता येणार नाही, म्हणून तुम्ही जसंच्या तसं लिहाल. मला हे कौतुक वाटलं. माझ्या न येण्याचं कौतुक तोवर कोणी केलं नव्हतं.

मी अमरावतीत नन्सच्या शाळेत शिकले. शाळेच्या फाटकाच्या आत मराठी बोललं तर गळ्यात पाटी अडकवत. घरी वडील वकील. दर्यापूर, मोर्शी, धामणगावकडून आलेले पक्षकार बैठकीत बसून वऱ्हाडीत तावातावानं बोलत आणि मी मधल्या दाराच्या पडद्यामागून ते ऐकत असे. आम्हा मुलींना बैठकीत जायची मुभा नव्हती. त्यामुळे ती भाषा माझ्या कानांच्या ओळखीची होती, जिभेच्या नाही. चारचौघांत मी बोलतच नसे. आत्या म्हणायची, "हिच्या तोंडात मूग भरलेत ते इंग्रजी की मराठी, तेवढं तरी कळू दे."

सर पुण्याचे. समाजशास्त्र शिकवत होते, मग नोकरी सोडून त्यांनी अमरावतीत एका जुन्या बंगल्यात संशोधन केंद्र काढलं. गावोगाव जाऊन लोकांची मतं विचारायची, मुलींच्या शिक्षणाबद्दल, ग्रामपंचायतीबद्दल, विहिरीबद्दल, हे केंद्राचं काम. अशी पाहणी इतर संस्थाही करत. त्यांची इंग्रजी पुस्तकं दिल्लीला जात आणि कपाटात बसत. सरांचं वेगळेपण असं, की निघालेलं उत्तर ते त्या गावात परत नेऊन वाचून दाखवणार होते. "ज्यांनी मत दिलं त्यांनी ते सर्वांत आधी ऐकायला हवं," असं ते म्हणत. मी यावर शाळेतल्या प्रार्थनेसारखा विश्वास ठेवला.

माझ्याकडे बायकांच्या मुलाखती होत्या आणि शेवटी सगळं सोप्या मराठीत उतरवायचं काम. टक्केवारी गावात कोणाला सांगणार? खूप विचार करून मी सरकी, म्हणजे कापसाचं बी, वापरायचं ठरवलं. एक उत्तर म्हणजे सरकीची एक मूठ. दोन सुपं मांडायची, एकात 'हरकत नाही' म्हणणाऱ्यांची सरकी, दुसऱ्यात 'हरकत आहे' म्हणणाऱ्यांची. कापसाच्या मुलखात सरकीची ढेरी, सरकीचा ढीग, डोळ्यांनी तोलता येत नाही असा माणूस नाही. सरांना ही युक्ती इतकी आवडली की त्यांनी ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितली.

ते गाव दर्यापूर तालुक्यात होतं. त्या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारट. विहिरी पुष्कळ, पण डाळ शिजेल असं पाणी एकाच विहिरीचं. तिला गोडी विहीर म्हणत. ती गावाची होती, पण एका पाटलांच्या वावराच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून असल्यामुळे त्यांचीच असल्यासारखी झाली होती. धम्मदीक्षेला काही वर्षं होऊन गेली होती. बौद्ध वस्तीतल्या बायका अजूनही विहिरीपासून लांब घागरी ठेवून कोणी ओतून देईल याची वाट पाहत बसत. कायदा होताच. पण कायदा अमरावतीला होता आणि विहीर इथं.

आम्हाला गावात घेऊन गेले ते त्या वस्तीतले एक तरुण शिक्षक. शेजारच्या गावच्या शाळेत शिकवत. गावात त्यांना 'मास्तर' म्हणत, तेही नुसतं, पुढं काही न लावता. मी पहिल्या दिवशी "गुरुजी" म्हणाले तर त्यांनी मागं वळून पाहिलं, आणखी कोण आलंय म्हणून.

त्यांना आमच्याकडून काय हवं होतं ते त्यांनी लपवलं नाही. "बाई, गावातल्या बाया मनातून काय म्हंतेत ते तुमी लिहून आणा. सगळ्यायसमोर वाचा. मंग मी तो कागद घेऊन दर्यापूरले पंचायत समितीत जातो. आतापर्यंत काय होते, का आमी गेलो की ते म्हंतेत, गावच राजी नाही, आमी का करू?"

गाव राजी आहे की नाही, हे कोणी कधी विचारलंच नव्हतं. आम्ही विचारणार होतो.

पाटलांच्या घरी मला मागच्या अंगणात बसवलं. धाकटी सून तुरीची डाळ पाखडत होती. सासू समोरच्या खोलीत, कुणाशी तरी मोठ्यानं बोलत. मी छापील प्रश्न वाचला: सार्वजनिक विहिरीवर सर्व समाजांना पाणी भरण्याची मुभा असावी, याविषयी आपले मत काय?

"मत म्हंजे?"

"तुम्हाला काय वाटतं ते."

ती हसली. "मले कोण पुसते वो बाई? वरणात मीठ किती टाकू, तेही सासूले पुसून टाकतो."

मी गप्प बसले. गप्प बसण्याचा मला सरावच होता, आणि मुलाखतीत त्याचा उपयोग होतो हे मला तोवर कळलं होतं. तिनं सूप दोनदा झटकलं, आतल्या खोलीकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "हे पाहा. संत्रं सोलल्यावर ते कोण्या झाडाचं हाय, सांगता येते काय? पाण्याचं बी तसंच. बादलीत आलं का झालं. भरू द्या ना त्यायले. माह्यं का जाते?"

मी लिहून घेतलं, जसंच्या तसं.

"कोणाले सांगू नोका बाप्पा हे."

"आम्ही नाव लिहीत नाही."

"नावाचं का घेऊन बसल्या! माह्यं नाव या गावात कोणाले ठावं हाय? लग्नापासून मोर्शीवाली म्हंतेत."

त्या भागात सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारतात. वाड्यावाड्यांतून दर्यापूरवाली, धामणगाववाली असत. मोर्शीकडून, संत्र्यांच्या बागांतून आलेली त्या गावात ही एकटी.

अमरावतीला परतल्यावर मी सगळं सरांना वाचून दाखवलं. मला ते वाक्य वाचताना आनंद झाला होता, हे खरं आहे. मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं वऱ्हाडी बोलत होते आणि समोरचा माणूस डोळे मिटून ऐकत होता. "पुन्हा वाचा," ते म्हणाले. मी पुन्हा वाचलं. त्यानंतर ते मला चहाच्या वेळी कधीमधी म्हणायचे, ते संत्र्याचं सांगा ना. पाहुणे हसत. काय रांगडी गोडी आहे, म्हणत.

गावात वाचायचा मजकूर मी केला तेव्हा त्यात ते वाक्य घेतलं नाही. मी लिहिलं, 'पुष्कळ भगिनींनी पाणी सर्वांचे आहे असे मत दिले.' बेचव वाक्य होतं. बेचव करण्यासाठी मला फार मेहनत घ्यावी लागली.

गावातल्या वाचनाआधी अकोल्याला अधिकाऱ्यांची एक सभा झाली. सरांनी मला बरोबर नेलं, मागच्या खुर्चीत बसवलं. भाषणाच्या शेवटी ते थांबले, चष्मा काढला आणि संत्र्याचं वाक्य म्हणाले. पुणेरी तोंडात 'हाय' आणि 'कोण्या' कसेतरीच वाटत होते, पण टाळ्या पडल्या. अकोल्यात त्यावरून ती बाई कोण हे कोणाला कळणार नव्हतं. तरी परतीच्या रेल्वेत मी धीर करून म्हणाले, "सर, गावात ते वाक्य वाचू नका. ती कोण ते लगेच कळेल."

"नाव कुठे आहे त्यात?"

"त्यात संत्रं आहे, सर."

ते हसले. मग माझा चेहरा पाहून गंभीर झाले. "बरं. नाही वाचणार. शब्द देतो."

मी बडनेऱ्यापर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले. इतकं स्पष्ट मी कधी कोणाला काही मागितलं नव्हतं, आणि ते मिळालं होतं.

वाचन मारुतीच्या पारावर झालं. पुरुष खाली सतरंजीवर, बायका देवळाच्या भिंतीला लागून. बौद्ध वस्तीतली माणसं रस्त्याच्या पलीकडे कडुलिंबाखाली उभी होती. गुरुजी त्यांच्या पुढे, हात मागे बांधून. मी सुपं मांडली. कोणीतरी म्हणालं, "बाई सरकीच्या ढेपेचा भाव सांगाले आली काय?" हशा झाला आणि मला बरं वाटलं. हसली की माणसं ऐकतात.

सर माझा मजकूर वाचत गेले आणि मी मूठमूठ सरकी टाकत गेले. आधी पुरुषांची. दोन्ही ढेऱ्या सगळ्यांना अपेक्षित होत्या तशाच. मग सुपं रिकामी करून बायकांची. 'हरकत नाही'ची ढेरी वाढत चालली तसा पारावरचा आवाज कमी होत गेला. एक म्हातारा पुढं सरकून सुपाकडे पाहू लागला. "अबे, या बाया तं आपल्याले कधी बोलल्या नाहीत," तो म्हणाला. शेजारचा म्हणाला, "तू पुसलं होतं काय?" पुन्हा हसले, पण वेगळं. भिंतीशी बसलेल्या बायका एकमेकींकडे पाहत होत्या. माझी समजूत आहे की त्या क्षणापर्यंत प्रत्येकीला वाटत होतं, असं म्हणणारी आपण एकटीच आहोत. पलीकडे लिंबाखाली गुरुजींनी मागे बांधलेले हात सोडले.

मजकूर तिथं संपत होता.

सरांनी कागद खाली ठेवला आणि चष्मा काढला. चष्मा काढलेला पाहताच मला कळलं. मी "सर" म्हणाले, पण माझा आवाज माझ्यापलीकडे जात नसे.

"आणि तुमच्याच गावच्या एका बहिणीनं काय सांगितलं, ऐका..."

त्यांनी ते सगळं म्हटलं. अकोल्यात थांबले होते तिथंच थांबले.

टाळ्या नाही पडल्या. मागून एक जण म्हणाला, "संत्रं? आपल्या इकडं कुठं पिकते बे संत्रं?"

"मोर्शीले पिकते," दुसऱ्यानं उत्तर दिलं.

पाटील पुढच्या रांगेत बसले होते. ते उठले नाहीत, मान तेवढी भिंतीकडे वळवली. "मोर्शीवाली. तू बोलली काय हे?"

सुनेला सासऱ्यानं असं गावासमोर विचारणं त्या गावात कोणी ऐकलं नव्हतं. तिच्या आजूबाजूच्या बायका जरा सरकल्या, तेवढ्यानं ती एकटी झाली. सासू तिच्या मागेच बसलेली. मोर्शीवालीनं पदर पुढं ओढला. आवाज मात्र साफ होता.

"मी काहून बोलू मामाजी असं? त्या बाईनं आपल्या मनानं लिहिलं असन."

सगळं गाव माझ्याकडे पाहू लागलं. सर मला इंग्रजीत म्हणाले, गावाला कळू नये म्हणून, की सांगा त्यांना, शब्द तिचेच आहेत, तुमच्याकडे लिहिलेले आहेत. शाळेतली भाषा होती ती. त्या भाषेत मला आज्ञा मोडायची सवय नव्हती.

मी मराठीत उत्तर दिलं. "मला वऱ्हाडी नीट कळत नाही. माझी ऐकण्यात चूक झाली."

"चूक झाली," पाटील म्हणाले. ते आता उठले. "इंग्रजी शाळेतली पोरगी, तिची का चूक बाप्पा! तिले आपलं बोलणं कळत नाही तं नाही कळत." ते सुपांपाशी आले, वाकले, आणि एका सुपातली सरकी दुसऱ्यात ओतली. हातानं कालवली. "मंग हे बी चुकलंच असन. असन का नाही, बाई?"

मला वाटलं सर काही बोलतील. बाकीच्या बायकांनी दिलेली उत्तरं खरी आहेत, एका वाक्यानं ती खोटी होत नाहीत, एवढं तरी. ते रुमालानं चष्मा पुसत होते.

"असेल," मी म्हणाले. दुसरं काही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न पुन्हा तिच्याकडेच गेला असता.

जीपमध्ये सर म्हणाले, "तुम्ही माझं सगळं काम मातीत घातलंत."

"तुम्ही शब्द दिला होता."

"एका वाक्याचा!" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "अहो, त्या वाक्यात सगळा देश होता. ते झाकून ठेवायचं?" मग थोड्या वेळानं, समजुतीच्या सुरात, "ती इतकी घाबरेल असं मला वाटलं नव्हतं. इतकं धीट बोलणारी बाई."

ती माझ्याजवळ धीट बोलली होती, डाळ पाखडता पाखडता. मला तिचाही राग आला होता, हे मी इथं लिहून टाकते. मी तिला झाकलं तेव्हा तिनं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. पण तिच्याबद्दलचा राग दर्यापूर येईपर्यंतही टिकला नाही. सरांबद्दलचा अजून आहे. ज्या माणसानं मला पहिल्यांदा मोठ्यानं बोलायला लावलं, त्यानं ते बोलणं स्वतःसाठी जमा करून ठेवलं होतं. मी विश्वासानं वाचून दाखवत होते आणि ते पाठ करत होते.

महिन्याभरानं गुरुजी अमरावतीला केंद्रावर आले. धुतलेला सदरा, सायकलच्या क्लिपा अजून पायजम्याला. सरांनी त्यांना आत बसवलं, चहा मागवला. गुरुजींनी चहाला हात लावला नाही.

"सर, तुमी पुन्हा एक डाव येऊन वाचता काय? ते वाक्य सोडून. बाकीचं तं खरं हाय ना?"

"ते गाव आता अभ्यासातून वगळलंय," सर म्हणाले.

"वगळलं म्हणजे?"

"माहिती गोळा करणाऱ्या व्यक्तीनं स्वतः चूक कबूल केल्यावर तिथली कुठलीच उत्तरं धरता येत नाहीत. शास्त्राचा नियम आहे." त्यांनी माझ्याकडे न पाहता माझ्याकडे हात केला. "यांचं मराठी जरा कच्चं आहे. दोष माझाच, मीच यांना घेतलं."

मी समोरच्या टेबलाशी होते. सरांना खरं काय ते माहीत होतं. मी ते वाक्य त्यांना किती वेळा म्हणून दाखवलं होतं. गुरुजींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काहीच बोलले नाही. बोलले असते तर ती बाई पुन्हा पारावर उभी राहिली असती. गुरुजींनी ते दर्यापूरला सांगितलं असतं, आणि पंचायत समितीतली बातमी पाटलांच्या घरी पोचायला वेळ लागत नसे.

मी त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेले.

"ती कशी आहे?" मी विचारलं.

"मोर्शीवाली? बरी हाय. माहेरी नाही धाडली, काही नाही. गावात तिले आता कोणी काही म्हणत नाही. खोटं तुमी लिहिलं, असं ठरलं ना." त्यांनी सायकल भिंतीपासून काढली. मग म्हणाले, "बाई, मले कळलं तवाच. तुमची चूक नव्हती झाली. तुमचं तोंड पाहून कळलं. तुमी मोर्शीवालीले वाचवलं, चांगलं केलं. आमच्या घरची कोणी असती तं मी बी हेच केलं असतं."

मला वाटलं आता रडू येईल.

"पण आमच्या पाण्यानं वाचवलं," ते म्हणाले.

रागानं म्हणाले नाहीत. शाळेत मुलाचं गणित कुठं चुकलं ते दाखवतात तसं. ते थोडं थांबले, मला काही म्हणायचं असेल तर ते ऐकायला. आतून सरांनी हाक मारली. गुरुजींना जाऊ देऊ नका, म्हणाले, एकूण प्रसंगाबद्दल त्यांचं मत घ्यायचंय, टिपून घ्या.

"सांगा सरले, मत दर्यापूरले गेलं," गुरुजी म्हणाले, आणि सायकलवर बसले. ते खरंच दर्यापूरला निघाले होते, कागद नसताना, पंचायत समितीत. गाव राजी नाही हेच पुन्हा ऐकायला.

मी आत गेले. त्यांनी मत दिलं नाही, असं सरांना सांगितलं. सर म्हणाले, "अरेरे," आणि पुढच्या गावाचे प्रश्न माझ्यासमोर ठेवले, सोपे करायला.